वॉशिंग्टन म्हणे वसिष्ठस्थान!

बारशाच्या दोन दिवस आधी काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, 'हाई वाचा. पोराचं नाव वसिष्ठ ठेवा.' 'आडनावांचं लपवलेलं सत्य' नावाचा हा मेसेज मला त्याआधीच तीन ठिकाणांहून आला होता. सोडून दिला होता. पण काका त्याच्या जोरावर शेजारच्या बोरश्यांशी ओट्यावरून भांडून आले, तेव्हा म्हटलं आता लिहितोच.

मेसेजचं म्हणणं असं: गावाचं नाव ज्या आडनावाशी जुळतं ते घराणं गावाचं मूळ मालक, बाकी उपरे. वॉशिंग्टन म्हणजे वसिष्ठस्थान, नेल्सन म्हणजे नीलसेन. गोऱ्यांना बापाची लाज, म्हणून ते आडनावच पोराचं नाव म्हणून ठेवतात, आपल्यात असलं होत नाही. आपल्याला आडनावं इंग्रजांनी १८८१च्या जनगणनेत वाटली. आणि कान्हदेशाचा खानदेशही त्यांनीच केला.

आधी मालकीचं. आम्ही पिंपळे, म्हणून काकांच्या मते पिंपळनेर आमचं. अहो काका, पिंपळनेरात आधी पिंपळ आहे. बोरखेड्यात बोर आहे, निमगावात निंब आहे. झाडांना आडनावं कुणी दिली? आणि मग चाळीसगाव काय चाळीसे मंडळींनी वसवलं?

मुळात गावाचं आडनाव गाव सोडल्यावर चिकटतं. गावात सगळेच त्या गावचे, तिथं 'पिंपळनेरकर' म्हणून हाक मारली तर अख्खी गल्ली वळून बघेल. माणूस दुसरीकडे जाऊन राहिला की तिथले लोक त्याला मागच्या गावानं ओळखतात. घटना समितीत रघुनाथ विनायक धुळेकर होते, ते धुळ्याचे नव्हेत, झाशीचे. म्हणजे आडनावात गाव असणं हा मालकीचा नाही, निघून आल्याचा पुरावा. उपरे कोण, ते आता काकांनीच ठरवावं. बोरसे तीन पिढ्यांचे शेजारी आहेत, आणि मागच्या पावसाळ्यात रात्री अकरा वाजता काकांना धुळ्याला दवाखान्यात नेलं ते त्यांच्याच गाडीनं.

आडनावावरून गाव पडतच नाही असं नाही. किर्लोस्करवाडी आहे ना. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवली. पण ते आडनाव तरी कुठून आलं? कोकणातल्या किर्लोशीहून. गावावरून आडनाव आणि आडनावावरून पुन्हा गाव.

वॉशिंग्टनचीही गत तीच, फेरा फक्त लांबचा. इंग्लंडमध्ये डरहॅमच्या बिशपनं ११८३ साली आपल्या जमिनींची एक नोंदवही करवून घेतली, तिला बोल्डन बुक म्हणतात. आपल्या सातबाऱ्याची पणजी म्हणा. हर्टबर्नच्या विल्यमनं हर्टबर्न देऊन बदल्यात वॉशिंग्टन गाव घेतलं, अशी तिच्यात नोंद आहे. तिथं राहायला गेल्यावर ते घराणं वॉशिंग्टनचं म्हणून ओळखलं जाऊ लागलं. गावाच्या नावातला 'टन' म्हणजे वाडी किंवा वस्ती, आणि पुढचा भाग कुणा जुन्या सॅक्सन माणसाच्या नावाचा. म्हणजे झाली आपली अमक्याची वाडी. त्या घराण्यात पुढे जॉर्ज झाले, १७९१ साली राजधानीला त्यांचं नाव मिळालं. यात वसिष्ठ ऋषी नेमके कुठल्या स्टेशनवर चढले? नेल्सन तर त्याहून सोपं: नील नावाच्या माणसाचा सन, म्हणजे मुलगा.

बापाची लाज वगैरे सोडाच. अमेरिकेत १७८३ साली एका आईबापांनी पोराचं नाव वॉशिंग्टन ठेवलं ते जॉर्ज वॉशिंग्टनबद्दलच्या आदरापोटी, आणि तो पोरगा पुढे लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग म्हणून गाजला. 'आपल्यात असलं होत नाही' म्हणणाऱ्या काकांनी वॉशिंग्टन सुंदरची बॉलिंग डोळ्यांनी पाहिलीय. तमिळनाडूचे स्टॅलिन तर १ मार्च १९५३चे, रशियातले स्टॅलिन वारले ५ मार्चला. आणि जळगावला गेलात की नेहरू चौकातून शास्त्री टॉवरकडे या. नेहरू हे नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या काठी राहणाऱ्या कौल घराण्याला चिकटलेलं नाव, शास्त्री ही काशी विद्यापीठाची पदवी. दोन्ही आडनावं झाली, आणि आता त्यांच्यावरून आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगतो.

१८८१चं म्हणणं खोटंच. कान्होजी जेधे, बाजी पासलकर ही नावं त्याच्या दोनशे वर्षं आधीची. पण एक कबूल करावं लागतं, आडनाव कागदावर पक्कं झालं ते बऱ्याच घरांत इंग्रजी अमदानीत आणि त्यानंतर. आमच्याच पेटीतल्या जुन्या उताऱ्यावर 'दगडू वलद सुका', म्हणजे सुकाचा मुलगा दगडू, एवढंच आहे, पिंपळे नाही की काही नाही. पुढे शाळेत गुरुजींनी एका भावाला पिंपळे लिहिलं, दुसऱ्याला पाटील. त्याचं प्रतिज्ञापत्र मी अजून करत बसलोय.

खानदेशचं एका ओळीत: अकबराच्या काळातल्या 'ऐन-ई-अकबरी' ग्रंथात खानदेश हे नाव आहे, इंग्रजांचं राज्य इथं यायच्या दोनशे वर्षं आधी. कान्ह की खान यावर खुशाल भांडा, पण इंग्रजांना त्यात ओढू नका. १६०१ साली असीरगड घेतल्यावर अकबरानं मुलाच्या, दानियालच्या नावावरून दानदेश करून पाहिलं. कुणाच्या तोंडी बसलं?

पोराचं नाव वसिष्ठ ठेवा, काका, चांगलंच आहे. पेढे घेऊन आधी बोरश्यांकडे जा. आणि तो दगडू वलद सुकाचा उतारा पेटीतून काढून जरा स्वतः वाचा, मी त्याचा फोटो ग्रुपवर टाकलाय.