येशूचा वध, यहुदी आणि झ्यूल इझाक यांचे उत्तर

'यहुदींनी येशूला मारले, म्हणून देवाने त्यांना जगभर विखुरले,' हा दावा आजही मोबाइलवरून फिरत असतो. फ्रेंच यहुदी इतिहासकार झ्यूल इझाक यांनी १९४८ सालीच तो पुस्तकभर पुरावे देऊन खोडला होता. १९४३ मध्ये त्यांची पत्नी आणि मुलगी नाझींच्या हाती लागल्या आणि आउशविट्झच्या छळछावणीत मारल्या गेल्या. तरीही इझाक शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रे, ओळीओळीने तपासत राहिले. द्वेषाचे मूळ शिकवणुकीत आहे आणि शिकवणूक बदलता येते, अशी त्यांची खात्री होती.

पहिला मुद्दा, मारले कोणी? क्रूसावर खिळणे ही रोमन शिक्षा होती आणि हुकूम रोमन अधिकारी पिलाताचा. रोमन इतिहासकार टॅसिटसही तेच नोंदवतो. 'या रक्ताचा दोष माझा नाही' म्हणत हात धुणारा हतबल पिलात अनेकांच्या मनात ठसला आहे. पण गरिझीम डोंगरापाशी जमलेल्या शोमरोनी (समॅरिटन) लोकांची कत्तल केल्यामुळे त्याला पदावरून जावे लागले, असे पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो. यरुशलेमच्या यहुदी मंदिरातल्या महायाजक कयफाचा या प्रकरणात हात होता, हे खरे. पण त्याचे पदही रोमच्या मर्जीवर टिकलेले होते.

मग सगळी यहुदी जनता दोषी कशी? 'सणात धरू नका, नाहीतर लोकांत दंगल होईल,' ही याजकांची धास्ती शुभवर्तमानकार मार्कनेच लिहून ठेवली आहे. लोक येशूच्या विरोधात असते, तर ही भीती कशाला? येशू यहुदी, मरिया यहुदी, बाराही शिष्य यहुदी. मत्तयाच्या शुभवर्तमानातली 'त्याचे रक्त आमच्यावर' ही आरोळी दाखवणाऱ्यांनी एवढे सांगावे, की पिलातासमोरचा एक जमाव म्हणजे अख्खा समाज कसा? शिवाय बहुसंख्य यहुदी तेव्हा त्या देशात राहतही नव्हते.

विखुरण्याचा दावा इथेच कोसळतो. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनी राजाने यरुशलेम पाडून लोकांना नेले. येशूच्या जन्माआधीच अलेक्झांड्रियात आणि रोममध्ये यहुदी वस्त्या होत्या. इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर जळाले, तरी देश रिकामा झाला नाही. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथाचे संकलन त्यानंतर गालीलातच झाले, सुमारे इ.स. २०० च्या सुमारास.

'ही तर चर्चचीच शिकवण' असेही कोणी म्हणेल. शतकानुशतके ती होती, हे नाकारता येत नाही. पण १३ जून १९६० रोजी वयाच्या ८२व्या वर्षी इझाक पोप तेविसावे जॉन यांना भेटले आणि ही शिकवण तपासण्याची विनंती केली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले, की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट सर्व यहुदींवर किंवा आजच्या यहुदींवर ठेवता येणार नाही.