आमदारसाहेबांचे विचार ऐकायला जाण्यापूर्वी

तुमच्या गावात भूमिपूजन ठरलंय, पत्रिका वाटून झाल्यात आणि 'सन्माननीय आमदारसाहेब सीमाभागातील विविध प्रश्नांवर आपले विचार मांडतील' असं खाली छापलंय? अभिनंदन. मागच्या आठवड्यात हे भाग्य आमच्या बेळगावकडच्या गावाच्या वाट्याला येऊन गेलं. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो, म्हणजे ऐन वेळी तुमची फजिती व्हायला नको.

पत्रिकेत सकाळी दहाची वेळ असेल तर दीडला जा. जेवून जा.

स्वागताची जबाबदारी शाळेवर टाका. गावात दुसरं रिकामं कोण असतं? चौथी-पाचवीच्या पोरांच्या हातात लेझीम द्यायची, मुलींना नऊवारी नेसवायची आणि साडेनऊपासून वेशीत उभं करायचं. ऊन चढलं की एखादी पोरगी मटकन खाली बसतेच. तिला सावलीला न्यायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि रांग पुन्हा सारखी करायची, कारण फोटोत मध्येच मोकळी जागा बरी दिसत नाही. मोठ्या माणसांनी क्रेनचं बघायचं. हल्ली आपल्याकडे क्रेनला हार लटकवल्याशिवाय आमदार गाडीतून उतरत नाहीत. हार सफरचंदांचा असेल तर फारच छान. साहेब दोन पावलं पुढे गेले की गर्दी त्यावर तुटून पडते आणि तेवढाच काय तो विकास थेट लाभार्थीच्या हातात जातो.

फेटा कुठला बांधायचा, ही चिंता करू नका. साहेबांना दोन्ही शोभतात. आमच्याकडे भगवा, पुढच्या गावात म्हैसुरी पेटा. आमच्याकडे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याला हार, पुढच्या गावात कन्नड मुलखाचे स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णांच्या. दोन्ही माणसं थोर, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. त्यांच्या चौथऱ्यांना फंड मिळतो, चौथऱ्यामागच्या शाळेला मिळत नाही, एवढंच जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता भाषण. इथे जरा लक्ष द्या, कारण हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि तो पाऊण तास चालतो.

साहेबांच्या विचारांचं एक पक्कं गणित आहे. विषय जितका लांबचा, तितकं मत ठाम. बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, या वादावर महाजन आयोग १९६६ साली नेमला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. त्यावर साहेबांचं मत असं घट्ट की पहारीनेसुद्धा हलणार नाही. (मत काय, ते कुठल्या गावात बोलतायत त्यावर आहे.) याच सीमावादावर महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. 'विषय न्यायप्रविष्ट आहे, म्हणून मी त्यावर बोलणार नाही,' असं म्हणून साहेब त्यावर वीस मिनिटं बोलले. मग म्हादई नदीचं पाणी. पाणीवाटप लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, हा आकडा त्यांनी दशांश चिन्हासकट तोंडपाठ म्हणून दाखवला. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी पण वाजवल्या. काकूंच्या गल्लीत नळाला पाणी येतं तेव्हा काकू दुसऱ्याच्या शेतात भांगलायला गेलेल्या असतात, आणि काकू घरी असतात तेव्हा नळ नुसता फुसफुसतो. पण दिल्लीतला लवाद आणि म्हादईला मिळणारा कणकुंबीचा कळसा नाला यांवर त्यांना आता पुरेशी माहिती आहे.

त्यानंतर 'मराठी आणि कन्नड हे माझे दोन डोळे आहेत.' हे वाक्य आलं की टाळ्या वाजवायच्या असतात, नवख्यांनी लक्षात ठेवावं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमधल्या भाषेच्या भांडणावरून दोन्ही राज्यांच्या गाड्या बंद पडल्या आणि कोल्हापूरच्या दवाखान्याला निघालेली माणसं स्टँडवर पिशव्या धरून बसली, तेव्हा हे दोन्ही डोळे कुठं झाकलेले होते, असं काही मनात येईल. येऊ द्यायचं नाही.

विषय जवळ येऊ लागला की साहेबांचा आवाज उतरतो. हलगा-मच्छे बायपास, पिकाऊ जमीन गेलेले शेतकरी? 'तो केंद्राचा विषय.' बळ्ळारी नाला दरवर्षी भातात घुसतो, रोपं कुजतात, पुन्हा लावणी करावी लागते? 'प्रस्ताव सरकारदरबारी आहे.' गावचा रस्ता पीडब्ल्यूडीचा, गटार पंचायतीचं, दिवे हेस्कॉम या वीज कंपनीचे. असं करत करत साहेब थेट स्टेजपर्यंत पोचले आणि स्टेजच्या पाठीमागे दहा पावलांवर जी शाळा आहे तिथं त्यांचे विचार संपले. एकदम. 'जय हिंद, जय कर्नाटक.' 'जय महाराष्ट्र' अर्थातच नाही, पण 'जय शिवराय' होतं, तेव्हा कुणाची तक्रार नको.

प्रश्न विचारू नका.

मी विचारला. मी शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे पालकांच्या देखरेख समितीवर आहे, म्हटलं आपलं काम आहे. साहेब स्टेजवरून उतरत होते, बाजूला गेलो आणि म्हणालो, "साहेब, शाळेच्या दोन खोल्यांची कौलं गेली आहेत, मागच्या पावसाळ्यापासून पोरं एकाच खोलीत बसतात." साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात चांगला जड आहे त्यांचा. म्हणाले, "करूया की ओ. आयतु, माडोणा (म्हणजे कन्नडमध्ये 'झालं, करूया'). पीएकडं द्या बघू अर्ज." कॅमेरावाल्याने फोटो काढला आणि हात उचलला गेला. मी अर्ज पीएकडे दिला. त्याने उलटा-सुलटा करून बघितला आणि परत माझ्या हातात ठेवला. "हे मराठीत आहे की ओ काका. कन्नडमध्ये करून आणा." हाच पीए दहा मिनिटांपूर्वी आमच्या पंगतीत बसून, वांग्याच्या भाजीत कूट कमी पडलंय, हे अस्सल बेळगावी मराठीत सांगत होता. जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त, तिथे कागदपत्रं त्यांच्याही भाषेत द्यायची, हा नियम आपल्याकडे पोरासोरांना पाठ आहे. पण नियमाचं बोलायला गेलो तर पीए म्हणाला, "तुम्ही समितीवाले काय?" म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समितीचे.

आता ती खोली कशी आहे ते ऐका, कारण साहेबांनी बघितलेली नाही. मंगलोरी कौलं, वाशांना वाळवी. एका कोपऱ्यात ताडपत्री बांधलेली, ती पाण्याने फुगून पोटासारखी खाली लोंबते आणि बाई रोज सकाळी झाडूच्या दांड्याने ती वर ढकलून पाणी बाहेर काढतात. भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता ओल लागून 'प'पासून खाली गळून पडलाय. दुसरी खोली बंदच. म्हणून चौथी आणि पाचवी एकत्र, पाठीला पाठ लावून. एकीकडे भागाकार, दुसरीकडे कविता. कायमचा शिक्षक एकच, बाकी अतिथी शिक्षक. अतिथी! जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा ते नसतात, नेमणूक नंतर कधीतरी होते आणि मानधन त्याच्याही नंतर. डोकं शांत ठेवून शिकवायला त्या बाईंना मी तरी सांगू शकत नाही.

आणि साहेबांनी भूमिपूजन कशाचं केलं? समुदाय भवनाचं. गावात एक समुदाय भवन आहे, मागच्या आमदारांनी बांधलेलं. त्यात सध्या खताची पोती, पंचायतीच्या मोडक्या खुर्च्या आणि गणपती मंडळाचे स्पीकर आहेत. त्याला जोडीदार पाहिजे होता! आमदाराला मतदारसंघासाठी वर्षाला दोन कोटींचा फंड असतो. दोन कोटी. त्यातून दोन खोल्यांची कौलं निघत नाहीत? शाळा शिक्षण खात्याकडे, खातं जिल्हा पंचायतीकडे बोट दाखवतं, आणि जिल्हा-तालुका पंचायतीची मुदत २०२१ मध्ये संपल्यावर वर्षानुवर्षं निवडणूकच नाही. पूर्वी निदान जिल्हा पंचायतीचा मेंबर बाजारात भेटला तर त्याची कॉलर धरता यायची. मेंबरच नाही म्हटल्यावर कुणाला धरायचं? प्रशासकाला? तो कोण, कुठं बसतो, गावात एकाला तरी विचारून बघा. मेंबर नसले की सगळे अर्ज आमदाराच्याच दारात येतात, सगळी पत्रं त्याच्याच नावाची, सगळे हार त्यालाच. मग या निवडणुका व्हाव्यात म्हणून विधानसभेत आरडाओरडा करायला कुठला आमदार उठेल?

असो. बाकीच्या सूचना.

सेल्फी तिथल्या तिथे उरकून घ्या, साहेब पुन्हा २०२८ मध्ये.

कोनशिलेवर साहेबांचं नाव किती मोठं हे बघायला चष्मा लागत नाही. काम पुरं होण्याची तारीख शोधायलाही लागत नाही, ती नसतेच.

भीमगड अभयारण्यातल्या गावांचा विषय काढू नका. तिकडे पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून चिखलातून बाहेर आणावं लागतं हे ऐकलं की साहेबांना वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की ते लवकर निघतात.

बायकांचं कौतुक सुरू झालं की समजा भाषण पहिल्यापासून सुरू होणार. गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार कुणी दिले, फुकट बस कुणी केली, की दिल्लीने काय काय पाठवलं, हे पक्ष बघून ठरतं. बायका हसतात, पदर सावरतात, घरी येऊन म्हणतात की या महिन्याचे अजून जमा झाले नाहीत.

डिसेंबरात अधिवेशन असतं तेव्हा मात्र साहेबांकडे कसलंच काम घेऊन जाऊ नका. त्यासाठीचं विधानभवन, सुवर्ण विधानसौध, २०१२ साली बांधून झालं, हलग्याला हायवेवर, केवढं मोठं, रात्री रोषणाई केली की शिवारातून झळकतं. उत्तर कर्नाटकाचे प्रश्न सोडवायला ते बांधलं. आणि उत्तर कर्नाटकावरची चर्चा ठेवतात कधी? शेवटी शेवटी, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असताना. बाहेर तंबू ठोकून ऊसवाले, अंगणवाडीवाल्या, अतिथी शिक्षक थंडीत बसलेले असतात. शहरात वाहतूक वळवलेली, कॉलेजच्या पोरांना पायपीट. तुम्ही आपलं घरात बसून टीव्हीवर बघा. साहेब दिसतील. एखाद्या वेळी जागेही असतील.

पुढची सूचना अर्जाची झेरॉक्स कशी जपून ठेवावी यावर होती, पण सूचना गेल्या खड्ड्यात. त्या दिवशी मंडपात साताठशे खुर्च्या भरल्या होत्या. मी विचारलं तेव्हा माझ्या मागे एक माणूस उभा राहिला नाही. एकही नाही! ज्यांची पोरं त्या खोलीत पाठीला पाठ लावून बसतात, ते समोर होते, भगवा फेटा घालून. नंतर मला म्हणाले, "बरं केलास बोललास ते." अरे, मग तू का बोलला नाहीस? एसडीएमसीची सभा लावली की पाच पालक जमवताना नाकी नऊ येतात. "शेतात होतो", "लग्न होतं", "बायकोला पाठवतो". क्रेन आणायची म्हटल्यावर वर्गणी एका संध्याकाळी गोळा झाली. त्या पैशात निम्मी कौलं बदलून झाली असती, हिशेब करून बघा, मी केलाय.

गाववाल्यांनो, एक नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या सायकल फेरीत घसा सुकेपर्यंत घोषणा देता. द्या. मीही देतो, देत राहीन, १९५६ साली आपला भाग कर्नाटकाकडे गेला तेव्हापासूनचं दुखणं आहे ते, खोटं नाही. पण दोन नोव्हेंबरला आपल्याच मराठी शाळेतून पोराचा दाखला काढून त्याला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवता, आणि पट कमी झाला म्हणून शाळा बंद पडायला आली की सरकारच्या नावाने बोंब मारता. सरकारने छळलं हे खरंच आहे. दाखला कुणी काढला? २०१३ साली समितीचे दोन आमदार निवडून दिले होते आपण. २०१८ ला शून्य, २०२३ ला शून्य. गट पाडले, एकमेकांविरुद्ध अर्ज भरले, आणि पडल्यावर म्हणालो मराठी माणूस फुटला. फुटला की फोडला, आणि फोडताना स्टेजवर कोण कोण बसलं होतं, सगळ्यांना माहीत आहे. त्यातले निम्मे परवा साहेबांच्या डाव्या-उजव्या हाताला होते, शाली घेऊन.

आणि साहेब, तुम्ही. महाजन अहवालावर तुमचं मत काय, हे आम्हाला नको आहे. ते ठरवणारे तुम्ही नाही, ते दिल्लीत ठरेल तेव्हा ठरेल. तुमच्या हातात जे आहे ते विचारलंय. दोन खोल्यांची कौलं, वासे, आणि जूनच्या पहिल्या दिवशी हजर असलेला शिक्षक. अर्ज मराठीत होता तो परत दिलात, आता कन्नडमध्ये करून घेतलाय, शंभर रुपये देऊन टाईप केलाय, तुमच्याच ऑफिससमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे. सोमवारी आणून देतोय. पोच पाहिजे, शिक्का मारून. खांद्यावर हात नको.