कायदेशीर कॉपी

"आमचे जावईबापू पुढच्या महिन्यात कॉपी करायला बसणार आहेत," असं अप्पांनी परवा शनिवारी, भरल्या घरात, श्रीखंड वाढून घेता घेता जाहीर केलं. वर "तीसुद्धा पैसे भरून" हेही जोडलं. पाहुणे हसले. मीही हसलो, सासऱ्यांच्या विनोदाला जावई हसला नाही तर तो बायकोच्या हिशेबात जमा होतो. पण आज मंगळवार उजाडला तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मी डॅलसजवळ विजेचे नकाशे तपासतो. कोणी घर, दुकान, दवाखाना बांधायला काढलं की परवान्याआधी बघायचं: लोड म्हणजे विजेचा भार किती, केबल पुरेशी जाड आहे का, पॅनेलसमोर, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीसमोर, तीन फूट मोकळी जागा सोडली आहे का. हे काम मी रोज करतोच. ते मला येतं असं सर्टिफिकेट आता ऑफिसला हवंय. परीक्षा पुस्तक समोर ठेवून द्यायची असते. पुस्तक म्हणजे नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, अमेरिकेतल्या वायरिंगचे सुरक्षानियम, १८९७ पासून चालू, दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती.

आणि अप्पा कराडकडचे निवृत्त मुख्याध्यापक. दहावीच्या परीक्षेला केंद्रसंचालक म्हणून बसण्यात त्यांची हयात गेली. भरारी पथक येण्याआधीच पोरांच्या मोज्यांतून, कंपासपेटीतून, एकदा तर हाताच्या बँडेजमधून त्यांनी चिठ्ठ्या बाहेर काढलेल्या. सध्या ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आहेत. पायी जाता येईल असा पार नाही, मंडई नाही, वाचनालय नाही. करमणूक म्हणून मी आहे.

"हे काय?" पुस्तकाच्या कडेने लावलेल्या रंगीत पट्ट्यांवर बोट ठेवत त्यांनी विचारलं.

"टॅब, अप्पा. पान पटकन सापडावं म्हणून. कायमची चिकटवलेली चालते, निघणारी चिठ्ठी चालत नाही."

"म्हणजे पक्की चिकटवली की ती चिठ्ठी नव्हे?"

"नव्हे."

"आमच्या पोरांना हे कळलं असतं तर निकाल शंभर टक्के लागला असता."

मग चष्मा लावून म्हणाले, "एखादं गणित सांगा बघू."

मी सांगितलं, कोडच्या २०२३ च्या आवृत्तीतलं. दोन हजार चौरस फुटांच्या घराचं लोड काढायचं. दिवे-प्लगांसाठी चौरस फुटाला ३ व्होल्ट-अँपिअर, झाले ६०००. स्वयंपाकघराची दोन सर्किटं १५००-१५०० ची, कपडे धुण्याचं एक १५००. बेरीज १०,५००. पैकी पहिले ३००० पूर्ण धरायचे आणि उरलेले ७५०० फक्त ३५ टक्के.

"पस्तीस?" अप्पांचा चेहरा उजळला. "पुढच्या बाकावरच्या तीन हजारांना शंभरपैकी शंभर, बाकी सगळे काठावर पास. बरोबर आहे. वर्ग असाच असतो."

इथे थांबायला हवं होतं. पण मला शेगडीही सांगायची हुक्की आली. घरातली एक इलेक्ट्रिक रेंज, चार बर्नर आणि ओव्हन मिळून १२ किलोवॅटची, पण तक्ता २२०.५५ म्हणतो की लोड ८ च धरा.

"का?"

"सगळे बर्नर आणि ओव्हन एकाच वेळी पूर्ण आचेवर कोण लावतं?"

अप्पा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "दिवाळीच्या आधीच्या रविवारी तुमच्या सासूबाई लावतात. एकीवर चकली, एकीवर पाक, एकीवर चिवड्याची फोडणी, चौथीवर माझा चहा आणि इथे आल्यापासून ओव्हनमध्ये नानकटाई. बारा म्हणजे बाराच. ज्याने आठ लिहिलं त्याच्या घरी फराळ होत नसणार."

मी हसलो, पण खरं सांगू, हसू वरवरचं होतं. कारण पुस्तक उघडं ठेवून किती पळावं लागतं ते त्या श्रीखंड खाणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नाही. साधा प्रश्न असतो: अमुक लोडला तार किती जाड? तक्ता ३१०.१६ उघडा. मग छतावरच्या उष्णतेमुळे होणारी घट वजा करा. एका पाइपात किती तारा आहेत त्याची वेगळी. मग नियम ११०.१४ दटावतो की शंभर अँपिअरपर्यंत, उपकरणावर दुसरं काही लिहिलेलं नसेल तर ६० अंशांचा रकाना बघा, तुम्ही बघत होता तो नव्हे. तोवर पुढच्या प्रश्नाची वेळ संपलेली. हा ३१०.१६ तर २०११ साली नाव बदलून ३१०.१५(बी)(१६) झाला, तीन आवृत्त्या तसाच हिंडला आणि २०२० साली मुकाट मूळ नावावर परत आला. ज्यांनी ते कंसातलं पाठ केलं त्यांनी काय करायचं? शिवाय शहरागणिक आवृत्ती वेगळी. एका गावाचा नकाशा नव्याने तपासायचा, शेजारच्याचा जुन्याने, आणि परीक्षेत तिसरीच विचारणार.

इंजिनिअर होऊन इतकी वर्षं झाली, तरी कोणीतरी घड्याळ लावून मला पुन्हा बाकावर बसवतंच. ते एक वेळ चालेल. पण त्याला कॉपी म्हणायचं?

अभ्यासाने माणूस बिघडतो हेही नोंदवून ठेवतो. परवा मित्राकडे गेलो तर गॅरेजमधल्या पॅनेलसमोर सोना मसुरीच्या गोण्या छातीपर्यंत. मी नियम ११०.२६ सांगितला: रुंदी ३० इंच, खोली ३ फूट. वहिनींनी मला गोण्या उचलून दुसरीकडे ठेवायला लावल्या. तेव्हापासून कोणाकडे गेलं की बायको मला गॅरेजकडे जाऊ देत नाही.

अप्पांच्या डोक्यातून मात्र ती शेगडी गेलीच नाही. कोडमध्ये बदल कोणीही सुचवू शकतं, सभासद असावं लागत नाही, हे काल बोलण्याच्या ओघात मी सांगून बसलो. रात्री त्यांनी फुलस्केपवर मजकूर तयार केला: फराळ करणाऱ्या कुटुंबांच्या घरी रेंज पूर्ण १२ किलोवॅट धरावी. सोबत चकलीच्या घाण्यांचा तपशील. आज सकाळी कागद माझ्यापुढे ठेवला. इंग्रजीत टाइप करून पाठवायचा आहे.

"तुमचा अभ्यास सांभाळून करा," म्हणाले. "आणि स्पेलिंग अडलं तर खुशाल पुस्तक उघडा. तुम्हाला चालतं ना."