पडलेल्या माणसाला उठवण्याची घाई

आज सकाळी जिन्यावरून घसरून पडलेल्या एका मुलाला चार जणांनी हातापायांना धरून उचलले आणि मोटारीच्या मागच्या आसनावर अक्षरशः कोंबले. “त्याची मान हलवू नका,” असे मी ओरडत राहिलो. कोणी वळूनही पाहिले नाही. तेव्हापासून माझे कशातच लक्ष नाही.

बारा वर्षांपूर्वी माझा मोठा भाऊ शिडीवरून पाठीवर पडला. तो पूर्ण शुद्धीवर होता. पायांना मुंग्या आल्या आहेत, मला हलवू नका, असे तो सांगत होता, आणि तरीही आम्ही त्याच्या काखेत हात घालून त्याला बसते केले व पाणी पाजले. त्या हातांत माझेही हात होते.

मणका मोडला म्हणजे आतला मज्जारज्जू तुटलाच, असे नसते. तो शाबूत असू शकतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण माणसाला ओढतो, वाकवतो, मोडलेल्या हाडाला आत सरकण्याची संधी देतो. मानेच्या वरच्या भागातल्या इजेने तर श्वासही थांबू शकतो, कारण श्वासपटल हलवणाऱ्या नसा तिथूनच निघतात. एवढे पणाला लागलेले असताना लोकांना घाई कसली असते? चालून बघ, मान फिरवून बघ, असे सांगणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो.

रुग्णवाहिका बोलवावी, माणूस आहे तसाच राहू द्यावा, त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही तळहातांनी डोके आहे त्याच स्थितीत स्थिर धरावे आणि मदत येईपर्यंत हात काढू नयेत. मान वाकडी दिसली तरी जोर लावून सरळ करू नये, आणि श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट काढू नये. पाणीही देऊ नये. ठसका लागला तर मान हिसकते, आणि शस्त्रक्रिया करावी लागली तर भरलेले पोट अडचणीचे ठरते. भावाला आम्ही पेलाभर पाणी पाजले होते.

आग, पाणी किंवा भरधाव वाहनांचा धोका असेल तर हलवावेच लागते, हे मान्य. श्वास बंद असेल तर मानेची काळजी मागे ठेवून छातीवर दाब देणे आधी, हेही मान्य. उलटी होत असेल तर तीन-चार जणांनी डोके, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून, एकाच्या इशाऱ्यावर, ओंडका वळवावा तसे संपूर्ण शरीर एकदम कुशीवर वळवावे. भावाची इजा पडतानाच पूर्ण झाली असावी, असे डॉक्टर म्हणाले होते, तेही असेल. पण त्या ‘असावी’वर मी बारा वर्षे झोपू शकलेलो नाही.

आता लिहिताना राग ओसरला आहे. सकाळचे ते चौघे दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. आम्हीही तसेच घाबरलो होतो.

दुपारी भावाला फोन करून हे सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने एवढेच विचारले, “तो मुलगा काही सांगत होता का रे?”

सांगत होता. माझ्याच ओरडण्यात मला ते ऐकू आले नाही.