आधी शिकवा, मग विचारा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, नमस्कार.

ऑनलाइन प्रशिक्षणाची सुरुवात माहितीने नको, पेचाने करा, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: आधी शिकवा, मग विचारा, प्रशिक्षण म्हणजे सिनेमा नव्हे, गुंगवायचं कशाला, आणि तुमच्या साध्या स्लाइडच्या कोर्सला अभिप्रायात ‘उत्तम’ मिळतंच आहे.

‘गुंगवणं’ हा शब्द माझाच, आणि तोच नडला. त्यातून बॅज, गुण, टाळ्यांचे आवाज असलं काही डोळ्यांसमोर आलं असेल तर साहजिक आहे. मलाही ते नकोच आहे.

एका सहकारी बँकेसाठी मी बनावट नोटांवरचा कोर्स केला होता. पहिल्या आवृत्तीत ४२ स्लाइड. पाचशेच्या नोटेचा तिरकी धरल्यावर हिरव्याचा निळा दिसणारा सुरक्षा धागा, दृष्टिहीनांसाठी कडेला असलेल्या पाच तिरक्या रेघा, सगळं ओळीने. मग एका शाखेत जाऊन बसले. कॅशियर बाई एका हाताने ‘पुढे’ दाबत होत्या, दुसऱ्या हाताने व्हाउचर लावत होत्या. शेवटच्या चाचणीत दहापैकी नऊ! आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच मला विचारलं, “मॅडम, खातेदार म्हणाला नोट परत द्या, तर काय करायचं?” उत्तर ३१ व्या स्लाइडवर होतं.

दुसरी आवृत्ती त्या प्रश्नापासूनच सुरू झाली. सोमवार, साडेअकरा, काउंटरवर रांग. रोजच्या ओळखीचे दुकानदार भरणा करायला आलेत. एक नोट संशयास्पद. ते म्हणतात, “द्या इकडे, कोणी खपवली ते बघतो.” कोर्स करणारे बरेच जण भिडेखातर परत देतात. तिथे लाल फुली येत नाही. तीच नोट तीन दिवसांनी एका पेन्शनर आजींच्या हातातून काउंटरवर येते. मग नियम उघडतो: नोट परत द्यायची नाही, शिक्का मारून जप्त करायची, पावती द्यायची. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा असल्या तर महिनाअखेरच्या एकत्रित अहवालातून पोलिसांना कळवायचं. पाच किंवा जास्त असल्या तर लगेच एफआयआर. हे वाचताना कोणी व्हाउचर लावत बसत नाही. मला अभिप्रेत असलेलं गुंगणं ते एवढंच.

आता तुमचं ‘उत्तम’. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः प्रश्नांशी झटलेले विद्यार्थी चाचणीत पुढे होते, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांचं नेमकं उलट. शिकवल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीचे गुणही तसेच फसवे. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आठवला, न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने? ४२ आणि ५६. आमच्या बाईंचे दहापैकी नऊ हे पाच मिनिटांनंतरचे होते.

पण ‘आधी शिकवा’ यात तुमचं बरोबर आहे, निदान निम्म्या लोकांपुरतं. शिकण्याच्या प्रक्रियेचे अभ्यासक जॉन स्वेलर यांनी १९८५ मध्येच बीजगणितात दाखवलं होतं, की नवख्याला सोडवून दाखवलेली उदाहरणं जास्त उपयोगी पडतात. गेल्या आठवड्यात रुजू झालेल्या मुलाला थेट पेचात टाकलं तर तो फक्त घाबरतो. त्याला आधी जुन्या कॅशियरने एक प्रसंग कसा हाताळला ते कारणांसकट दाखवायचं, मग अर्धवट सोडवलेला द्यायचा, मग त्याचा त्याला. पंधरा वर्षं काउंटरवर काढलेल्याला मात्र तेच दाखवलं तर तो पुन्हा ‘पुढे’ दाबायला लागतो. हा फरक मी लेखात केलाच नव्हता. चूक माझी, दुरुस्त करते.

त्या कॅशियर बाईंनी नवी आवृत्ती पाहिली. तक्रार एकच: “सोमवारी साडेअकराला आमच्याकडे एवढी छोटी रांग कधीच नसते.”

रांग वाढवली आहे.