एक इंच वाढवा, दहा यार्ड मिळवा? ड्रायव्हरच्या लांबीचा हा हिशेब चुकतो

‘ड्रायव्हर एक इंच लांब घ्या, बॉल दहा यार्ड पुढे जाईल.’ गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये हा सल्ला सतत फिरत असतो. ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी. त्याच्यासोबतची कारणंही ठरलेली. लांब क्लबच्या टोकाला वेग जास्त, मोठे खेळाडू लांबच ड्रायव्हर वापरतात, कंपन्या उगाच 45.75 इंचांचे ड्रायव्हर बनवत नाहीत आणि उंच माणसाला तर लांब क्लबच हवा. दिशेचं काय, असं विचारलं तर उत्तर येतं की ती सरावाने येते. या सल्ल्यावर विश्वास ठेवून चांगला बसलेला ड्रायव्हर बदलणारे आणि मग महिनोन्‌महिने रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, बॉल शोधत फिरणारे खेळाडू मी पाहिले आहेत. म्हणून या सल्ल्याचा एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

पहिला मुद्दा वेगाचा. फिरण्याची गती तीच राहिली तर त्रिज्या वाढल्यावर टोकाचा वेग वाढतो, हे खरं आहे. पण किती? 45 इंचांचे 46 केले तर वाढ जेमतेम 2.2 टक्के. हेडचा, म्हणजे क्लबच्या खालच्या जाड टोकाचा, वेग ताशी 95 मैल असेल तर तो 97 होईल. हेडच्या वेगातल्या एका मैलाला साधारण अडीच यार्ड धरले, तर सगळं काही आदर्श घडूनही हाती पाच यार्ड लागतात. सल्ल्यातले दहा इथेच निम्मे झाले. आणि ‘फिरण्याची गती तीच राहिली तर’ ही अट पाळली जात नाही. लांब क्लब फिरवायला जड जातो, कारण फिरण्याला होणारा विरोध लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्याच वजनाचं हेड एक इंच दूर गेलं की हा विरोध साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढतो. हातांची ताकद तर तेवढीच असते. त्यामुळे प्रत्यक्षात मिळणारी वाढ बहुतेकांच्या बाबतीत त्या दोन मैलांहून कमी भरते, आणि काहींचा वेग तर चक्क घटतो.

पण मूळ चूक याहून मोठी आहे. बॉल किती लांब जाणार हे हेडच्या वेगावर थेट ठरत नाही, ते बॉलच्या वेगावर ठरतं. या दोन वेगांचं गुणोत्तर म्हणजे स्मॅश फॅक्टर. क्लबफेस, म्हणजे हेडची बॉलला लागणारी बाजू, किती उसळी देऊ शकतो याला नियमांनी मर्यादा घातली आहे, त्यामुळे ड्रायव्हरचा स्मॅश फॅक्टर 1.5 च्या आसपास थांबतो, आणि तोही बॉल फेसच्या मधोमध लागला तरच. आता हिशेब करा. 95 मैलांच्या स्विंगला फेसच्या मध्याजवळ लागून 1.48 मिळाला, तर बॉलचा वेग सुमारे 140.6 मैल. 97 मैलांच्या स्विंगला कडेला लागून 1.42 मिळाला, तर 137.7. म्हणजे स्विंग वेगवान असूनही बॉल हळू निघाला. बॉलच्या वेगातला एक मैल म्हणजे साधारण दोन यार्ड. लांबी वाढवून सहा-एक यार्ड गमावले.

शिवाय कडेला लागलेला बॉल नुसता हळू जात नाही, तो वळतोही. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल टोवर, म्हणजे फेसच्या बाहेरच्या टोकाला, लागला की हूकच्या दिशेने, डावीकडे फिरतो; हीलवर, म्हणजे दांड्याजवळच्या बाजूला, लागला की स्लाइसच्या, उजवीकडे. फेसच्या खालच्या भागावर लागला तर बॅकस्पिन, म्हणजे बॉलची उलटी फिरकी, वाढतो आणि बॉल वर चढून पुढची मजल हरवतो.

‘दिशा सरावाने येते’ म्हणणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. 250 यार्डांवर एका अंशाची चूक म्हणजे जवळजवळ साडेचार यार्डांचा फरक, चार अंश चुकले तर सतरा यार्डांहून जास्त. हात आणि फेस यांतलं अंतर वाढलं की फेस वेळेवर लक्ष्याच्या रेषेशी काटकोनात आणणं अवघड होतं. सराव जरूर करावा, पण सरावाचा तोच तास आटोक्यातल्या लांबीवर खर्च केला तर तो जास्त कामी येतो.

आता मोठ्या खेळाडूंचा दाखला. फिल मिकेलसनने 2021 ची पीजीए चॅम्पियनशिप 47.9 इंचांच्या ड्रायव्हरने जिंकली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. हा दाखला हमखास दिला जातो. तो खराही आहे, पण अपवादाचा आहे. ब्रायसन डीशाम्बोने 2020 मध्ये 48 इंची ड्रायव्हर तपासून पाहिला आणि ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेत तो वापरला नाही. रिकी फाउलर 2017 मध्ये 43.5 इंचांवर आला होता. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतले बरेच खेळाडू 45 इंचांच्या आसपास असतात, म्हणजे रोज सराव करणारी ही माणसं दुकानातल्या ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लब हातात धरतात. नियमांची सर्वसाधारण मर्यादा 48 इंच आहे. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी 1 जानेवारी 2022 पासून स्पर्धा समित्यांना ती 46 वर आणण्याची मुभा दिली, आणि पीजीए टूरने ती लगेच लागू केली. लाँग ड्राइव्ह स्पर्धांचं उदाहरण तर इथे लागूच पडत नाही. तिथे एका फेरीत अनेक बॉल मारायला मिळतात आणि ग्रिडमध्ये, म्हणजे आखलेल्या पट्ट्यात, पडलेला सर्वांत लांबचा मोजतात. मैदानावर आपल्याला एकच मिळतो.

कंपन्यांचं म्हणाल, तर स्टीलच्या शाफ्टच्या, म्हणजे दांड्याच्या, काळात ड्रायव्हर 43 ते 43.5 इंचांचे असत. ग्रॅफाइटमुळे शाफ्ट निम्म्याहून हलका झाला आणि लांबी वाढवणं शक्य झालं. दुकानात सिम्युलेटरसमोर दहा बॉल मारले की ग्राहकाच्या लक्षात राहतो तो सर्वांत लांब गेलेला, आणि लांब क्लब त्या एका बॉलला मदत करतो. बाकीच्या नऊ बॉलचं काय झालं, ते मैदानावर कळतं.

उंचीचा मुद्दा थोडक्यात. उंच माणसाचे हातही बहुधा लांब असतात. बघायचं असेल तर मनगट जमिनीपासून किती उंचीवर येतं ते बघा, डोक्याची उंची नाही. तेही सुरुवातीचा अंदाज म्हणून.

एक गोष्ट मान्य करतो. ज्यांचा स्विंग संथ आणि एकसारखा आहे, ज्यांचा बॉल लांब क्लबनेही फेसच्या मध्यावर लागतो, त्यांनी लांब ड्रायव्हर जरूर वापरावा. पण हे पुराव्यावर ठरावं. पुरावा मिळवणं सोपं आहे. फेसवर पायाला लावायच्या पावडरचा स्प्रे मारा. पांढरा पातळ थर बसतो आणि बॉल लागला की तिथे गोल डाग उमटतो. दहा बॉल मारा, दर बॉलनंतर डाग कुठे आला ते कागदावर टिपा, फेस पुसा, पुन्हा फवारा. माझ्या एका खेळगड्याने आपल्या 45.75 इंची ड्रायव्हरवर हे केलं, तेव्हा डाग टोच्या बाजूपासून हीलपर्यंत विखुरले होते, दोन तर पार खालच्या कडेला. मग ग्रिपवर, म्हणजे मुठीवर, एक इंच खाली टेप गुंडाळून त्याने हात तिथे धरला. डाग मध्याभोवती गोळा झाले. शाफ्ट तोच होता आणि माणूसही तोच.

हा प्रयोग करताना क्लब हलका वाटेल, म्हणून हेडला थोडी लेड टेप, म्हणजे शिशाची चिकटपट्टी, लावा. पुढे खरंच कापायचं ठरलं तर ग्रिपच्या बाजूने कापा, हेडच्या बाजूने नाही. एक इंच कमी झाला की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हेड किती जड वाटतं याचं माप, सुमारे सहा अंकांनी उतरतं, डी2 चं सी6 होतं. ते परत आणायला हेडमध्ये बारा-एक ग्रॅम वाढवावे लागतात. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये त्यासाठी बदलता येणारे स्क्रू असतात. हे वजन न वाढवताच कापलेला ड्रायव्हर हातात काठीसारखा लागतो, हेड कुठे आहे ते कळत नाही, आणि मग दोष लांबीला दिला जातो. म्हणून आधी किमान चार-पाच फेऱ्या टेपच्या खुणेवर हात धरून खेळा. कापलेला इंच सहजासहजी परत जोडता येत नाही.