गॅल्व्हेस्टनच्या त्या टेबलापुढून सरळ निघून जाऊ नका

सुट्ट्या जवळ आल्या आणि टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरातून मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर जाणाऱ्या क्रूझची बुकिंगं सुरू झाली, की ह्यूस्टनच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक निरोप फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. तिसऱ्या वेळी त्याखाली चौघांनी ‘धन्यवाद, उपयुक्त माहिती’ असं लिहिलेलं दिसलं. त्यांतले दोघं पुढच्याच आठवड्यात बोटीवर चढणार आहेत आणि दोघांबरोबरही भारतातून आलेले आईवडील आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

निरोप थोडक्यात असा: ‘बोटीवरची किंवा मेक्सिकोतली दारूची बाटली ड्युटी-फ्री असते, तिच्यावर टेक्सासला कर लावता येत नाही. राज्यघटनाच तसं सांगते. एक लिटरपर्यंत तर सूटच आहे. मायामीत कोणी विचारत नाही, फक्त गॅल्व्हेस्टनला लुटतात. कस्टम्स झाल्यावर पुढे जे टेबल मांडलेलं असतं त्याच्याकडे न बघता सरळ चालत जा. जास्त बाटल्या असतील तर घरच्यांत वाटून टाका.’

पहिला मुद्दा ‘ड्युटी-फ्री’ या शब्दाचा. सगळा घोळ इथून सुरू होतो, आणि तो समजण्यासारखा आहे, कारण दुकानाच्या पाटीवर हाच शब्द मोठ्या अक्षरांत असतो. पण ड्युटी म्हणजे सीमाशुल्क, आणि ते केंद्र सरकारचं असतं. अमेरिकेत परतणाऱ्या माणसाला केंद्राची सूट साधारण अशी: ८०० डॉलरपर्यंतचं सामान, त्यात २१ वर्षं पूर्ण असतील तर १ लिटर मद्य आणि २०० सिगरेटी. अमेरिकी व्हर्जिन बेटांवरून येणाऱ्याला मद्याची सूट ५ लिटरपर्यंत मिळू शकते. ही सूट देतं कोण? कस्टम्स, म्हणजे केंद्र सरकार. ते स्वतःच्या वाट्याचा कर सोडतं, टेक्सासच्या वाट्याचा सोडत नाही. कस्टम्स खातं स्वतःच प्रवाशांना सांगतं की राज्याचा कायदा केंद्रापेक्षा कडक असेल तर तोही पाळावा लागेल.

मुंबईत वाढलेल्यांना हे समजायला जड जाऊ नये. २०१७च्या जुलैत जीएसटी आला तोवर मुलुंडच्या आणि दहिसरच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा असायच्या. माल कारखान्यातून निघताना केंद्राचा उत्पादन शुल्काचा कागद झालेला असायचा, राज्याचा विक्रीकर वेगळा, आणि शहराच्या वेशीवर महापालिका आपली जकात वेगळी घ्यायची. एका कागदावर ‘माफ’ लिहिलं म्हणून दुसरा माफ होत नव्हता. दारूचं तर आजही तसंच आहे. सहार विमानतळावर कस्टम्स दोन लिटर सोडतं ते केंद्राच्या अधिकारात. गोव्याहून गाडीने येताना बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर जे डिकी उघडायला सांगतात ते राज्य उत्पादन शुल्क विभागाचे. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. गॅल्व्हेस्टनच्या धक्क्यावरही अशीच दोन खाती एकामागोमाग उभी असतात. आधी कस्टम्स, मग टीएबीसी, म्हणजे टेक्सासचा मद्य आयोग; निरोपातलं ते टेबल याचंच. हा आयोग १९३५ सालचा आहे आणि एल पासो, लरेडो, ब्राउन्सव्हिलच्या पुलांवर मेक्सिकोतून येणाऱ्यांकडून हाच कर घेतो. गॅल्व्हेस्टनपुरतं कोणी नवीन काढलेलं नाही.

इथेच ‘एक लिटरपर्यंत सूट’ हा मुद्दाही निकालात निघतो. एक लिटरचा आकडा केंद्राच्या नियमातला आहे. टेक्सासच्या मद्य कायद्याचं १०७.०७ हे कलम सांगतं की वैयक्तिक वापरासाठी ठरलेल्या मर्यादेत मद्य आणायला परवाना लागत नाही. पण ‘परवाना लागत नाही’ याचा अर्थ ‘कर लागत नाही’ असा निरोप लिहिणाऱ्याने काढला, आणि तिथे तो चुकला. त्याच कलमात पुढे लिहिलंय की आणणाऱ्याने राज्याचा कर आणि प्रशासकीय शुल्क भरायचं आणि बाटलीवर कराचा शिक्का लावून घ्यायचा. पहिल्या बाटलीपासून.

आता घटनेचा मुद्दा. निरोपातला हा सगळ्यात वजनदार भाग आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाचं दहावं कलम खरंच म्हणतं की काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या संमतीशिवाय राज्यांनी आयातीवर शुल्क लावू नये. दारूबंदी उठवणारी १९३३ची एकविसावी दुरुस्ती राज्यांना मद्याबाबत मोठे अधिकार देते, पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने केंटकीचा असाच एक कर रद्द केला होता. परदेशातून आलेल्या व्हिस्कीवर केंटकी गॅलनमागे १० सेंट घेत होतं, आणि एकविसावी दुरुस्ती असली तरी हे चालणार नाही असं न्यायालयाने म्हटलं. निरोप लिहिणाऱ्याला हा निकाल माहीत असता तर त्याने तो नक्की टाकला असता.

पण गोष्ट १९६४ला संपत नाही. १९७६ साली मिशेलिन कंपनीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आयातीच्या या कलमाचा अर्थ बराच आखडता घेतला. फ्रान्स आणि कॅनडातून आलेले टायर जॉर्जियातल्या गोदामात पडून होते. त्यांच्यावर स्थानिक मालाइतकाच मालमत्ता कर घ्यायला हरकत नाही, असा तो निकाल. आयात म्हणून वेगळा भुर्दंड नको, सगळ्यांना लागू असलेला कर चालेल, असा त्याचा रोख. टेक्सासचा स्पिरिटवरचा, म्हणजे व्हिस्की-टकीलासारख्या कडक दारूवरचा कर गॅलनला २ डॉलर ४० सेंट आहे. ह्यूस्टनच्या कोपऱ्यावरच्या दुकानातली टकीलाही त्याच दराने कर भरून आलेली असते, तो फक्त किमतीत मुरलेला असल्यामुळे आपल्याला दिसत नाही. कोझुमेलच्या बाटलीवर तो उघड मागितला जातो.

तरीही कुणाला वाटलं की १९६४चा निकाल इथे लागू होतो, तर त्याने वकील करून न्यायालयात जावं. ते काम हातात सुटकेस आणि शेजारी दमलेली सासू असताना धक्क्यावर करायचं नसतं. कायदा आज पुस्तकात आहे. टेबलावरच्या माणसाला त्याची अंमलबजावणी करायची आहे, घटनेचा अर्थ लावायचा नाही.

‘मायामीत कोणी विचारत नाही’ हे खरं आहे. मीही फ्लोरिडातच मायामीजवळच्या फोर्ट लॉडरडेलहून गेलोय, तिथे असं टेबल नव्हतं. पण त्याचं कारण फ्लोरिडाच्या स्वतःच्या कायद्यात आहे. कर न भरलेलं मद्य जवळ बाळगणं तिथेही गुन्हाच आहे, फक्त बाहेरच्या राज्यातून किंवा देशातून स्वतः विकत घेऊन स्वतः आणलेल्या १ गॅलनपर्यंतच्या मद्याला त्या कलमातून वगळलंय. त्याहून उलगडून सांगणारं उदाहरण वॉशिंग्टन राज्याचं. सिएटलहून अलास्काच्या क्रूझ निघतात आणि मध्ये कॅनडाचं बंदर लागतं. तिथल्या कायद्यात स्वच्छ लिहिलंय की केंद्राने ड्युटी-फ्री म्हणून सोडलेलं मद्य परदेशातून वैयक्तिक वापरासाठी आणलं तर राज्याचाही कर लागणार नाही. म्हणजे निरोपात जे सांगितलंय ते वॉशिंग्टन राज्यात जवळजवळ जसंच्या तसं खरं आहे! पण ते खरं आहे कारण तिथल्या विधिमंडळाने ते वाक्य लिहून ठेवलं. केंद्राची सूट आपोआप राज्याला बांधत असती तर असं वाक्य लिहायची गरजच पडली नसती. टेक्सासने ते लिहिलेलं नाही.

सिगरेटींचं लवकर सांगतो. २००७पासून टेक्सासचा कर वीस सिगरेटींच्या पाकिटाला १ डॉलर ४१ सेंट आहे. केंद्र २०० सिगरेटी सोडतं, म्हणजे एक कार्टन. त्या कार्टनवर राज्याचे कराचेच १४ डॉलर १० सेंट होतात. बोटीवरच्या दुकानात स्वस्त वाटलेल्या कार्टनचा हिशेब हे धरून करा.

‘घरच्यांत वाटून टाका’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकला, कारण यात इतर माणसं अडकतात. २१च्या आतल्या कुणाच्याही नावावर बाटली आणता येत नाही, मग मुलगा कॉलेजात जाणारा असला तरी नाही. बाटली ज्याची, त्याने ती स्वतः सोबत आणायची. टेक्सासची ही मुभा तीस दिवसांतून एकदाच आहे, त्यामुळे महिन्यात दोन क्रूझ करणाऱ्यांनी जपावं. भारतातून आलेले आजीआजोबा बाटली आणू शकतात, पण कर त्यांनाही आहे, ‘आम्ही इथले नाही’ म्हणून सुटका नाही. आणि ज्यांना इंग्रजी उच्चार नीट कळत नाहीत, ज्यांना आयुष्यात कधी दारूची बाटली हातात धरायची वेळ आली नाही, अशा माणसाच्या बॅगेत आपली टकीला ठेवून त्याला गणवेशातल्या अधिकाऱ्यासमोर एकटं पुढे पाठवायचं, हे मला मान्य नाही. माझ्या वडिलांवर मी ही वेळ येऊ देणार नाही.

राहिला ‘न बघता सरळ चालत जा’ हा सल्ला. शेवटच्या रात्री बोटीच्या दुकानातली पिशवी केबिनमध्ये येते, ती तशीच हातात घेऊन आपण उतरतो. ती लपत नाही. कर भरायची तयारी नसेल तर बाटली तिथेच सोडता येते, ती नष्ट केली जाते आणि विषय संपतो. पण कर न भरता, शिक्का नसलेली बाटली घेऊन बाहेर पडलात तर टेक्सासच्या कायद्याच्या भाषेत ते बेकायदा मद्य होतं आणि ते जवळ असणं हा गुन्हा आहे. एक लिटरच्या बाटलीवर कर होतो साधारण ६३ सेंट, वर ३ डॉलर शुल्क. चार डॉलरच्या आतली ही रक्कम आहे. आपल्यातले कितीतरी जण एच-१बी व्हिसावर आहेत किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे आहेत, आणि व्हिसाच्या आणि ग्रीन कार्डच्या अर्जांत ‘तुम्हाला कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का’ असा प्रश्न असतो. ग्रुपवर हा निरोप पुढे ढकलणाऱ्याने हे मनात आणायला हवं होतं.

एका बाबतीत निरोप लिहिणाऱ्याच्या रागाशी मी सहमत आहे. ते ३ डॉलरचं शुल्क मलाही पटत नाही. साध्या वाइनवर टेक्सासचा कर गॅलनला २०.४ सेंट आहे, म्हणजे नेहमीच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीवर जेमतेम ४ सेंट. त्या ४ सेंटच्या वसुलीसाठी ३ डॉलर! इथल्या दुकानातल्या बाटलीवर असं शुल्क पडत नाही. मिशेलिनच्या निकालातला ‘सगळ्यांना सारखा’ हा आधार कराला मिळतो, या शुल्काला तितक्या सहज मिळेल असं मला वाटत नाही.

पण हे बदलायची जागा टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनला आहे. टेक्सासचं विधिमंडळ विषम वर्षी जानेवारीत भरतं आणि नियमित अधिवेशन १४० दिवसांत आटोपतं, त्यामुळे पत्र त्याआधीच्या हिवाळ्यात पोचलेलं बरं. मागणी एका ओळीची आहे: वॉशिंग्टन राज्याचं ते वाक्य १०७.०७मध्ये घाला, नाहीतर निदान शुल्क कराच्या रकमेपेक्षा जास्त नको. आपल्या मतदारसंघाचा आमदार कोण हे पत्ता टाकला की कळतं. नागरिकत्व नसलं तरी पत्र लिहिता येतं. मसुदा मी इंग्रजीत तयार करून ठेवलाय, ज्यांना हवा त्यांनी मागा, नाव आणि पत्ता तेवढा तुमचा घाला.